घरात अंडी उबवणे : पावसाळा, लाईट आणि डब्यातली हवा (कोल्हापूर आणि आसपास)

मंगळवारपेठकर
राम राम मंडळी. मामाच्या गावाकडनं, राधानगरीच्या बाजूनं, गावरान कोंबडीची अंडी आणायचं ठरलंय आणि घरी थर्माकोलचा मोठा डबा आहे त्यात उबवायचा विचार चाललाय. गच्चीवर खुराडं तयार आहे, घरच्यांचा होकार पण मिळालाय. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी सध्या ओळखीत कुणाकडंच नाही म्हणून मशीनचा घाट. बल्ब, कंट्रोलर, कॉम्प्युटरचा जुना फॅन एवढं जमवलंय. आता अडचण अशी की जो तो वेगळं सांगतोय, एकजण म्हणतो ओलावा ५५ टक्के पाहिजेच, दुसरा म्हणतो ४५, तिसरा म्हणतो पाणी ठेवूच नका. टेम्परेचरचं पण तसंच, कोण ३७.५ सांगतंय कोण ३८.५. आणि आपल्याकडं आता पाऊस लागलाय, भिंतींना ओल धरलीय, लाईट कधी जाईल याचा नेम नाही. तर ज्यांनी आपल्या हवेत, कोल्हापूर भागात पिल्लं काढलीत त्यांनी जरा सविस्तर सांगा की. पहिल्यांदाच करायलोय, नीट करायचंय, जीव आहे शेवटी आतमध्ये.

उद्यमनगरी
भावा टेम्परेचरचं दोघंही बरोबर सांगत्यात, खरं दोघांच्या मशीन वेगळ्या. आत फॅन असला तर हवा फिरत राहते आणि डब्यात सगळीकडं सारखी ऊब मिळते, तिथं ३७.५ सेल्सिअस ठेवायचं. फॅन नसला तर गरम हवा वर जाऊन बसते, तळाला गार, मग थर्मामीटर अंड्याच्या वरच्या कडेला धरून साधारण ३८.५ ठेवत्यात म्हणजे अंड्याच्या मधोमध पाहिजे तेवढी पोचते. तुझ्याकडं फॅन आहे, तू ३७.५ वरच रहा.

बाकी डब्याचं सांगतो, कारण हितं बरेचजण फसत्यात. सेन्सरची वायर अंड्यांच्या उंचीला, मध्यावर लोंबकळत ठेव, बल्बजवळ नको आणि भिंतीला चिकटून नको. बल्ब जुना तारेचा पाहिजे, एलईडी उजेड देतो ऊब देत नाही. एकच १०० वॉटचा लावण्यापेक्षा ४० चे दोन लाव, रात्री एक उडाला तर दुसरा निदान डबा गार पडू देत नाही. बल्ब आणि अंडी यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा कर, नाहीतर जवळची अंडी भाजतील आणि लांबची गार राहतील. थर्माकोलला बल्ब टेकता कामा नये, वितळतो आणि आग पण लागू शकते, होल्डर लाकडी पट्टीवर घट्ट स्क्रूनं बसव. हवेसाठी खाली दोन-चार भोकं आणि वर दोन-चार, पेन्सिल जाईल एवढी. आतली पिल्लं श्वास घेत असत्यात टरफलातनं, बंद डब्यात गुदमरतील.

आणि अंडी घालायच्या आधी डबा पूर्ण एक दिवस एक रात्र रिकामा चालवून बघ. हे चुकवू नको.

मंगळवारपेठकर
भारी माहिती, धन्यवाद दादा. कंट्रोलरवरचा आकडा खरा का खोटा कसा ओळखायचा पण? स्वस्तातला आहे माझा.

उद्यमनगरी
तापाचा थर्मामीटर घे मेडिकलमधनं. फॅरनहाइटमध्ये ९९.५ म्हणजे आपलं ३७.५. दोन्ही शेजारी शेजारी ठेव, फरक किती येतोय बघ आणि तेवढा कंट्रोलरमध्ये कमीजास्त कर. अर्ध्या डिग्रीचा फरक या छोट्या कंट्रोलरला सहज असतो आणि २१ दिवस अर्धी डिग्री कमी चालली तर पिल्लं एक-दोन दिवस उशिरा येतात, जास्त चालली तर लवकर आणि अशक्त येतात.

हुपरीचा_काटा
ओलाव्याचं मीटर पण तपासून घ्या, ती तर ह्याच्यापेक्षा खोटारडी असतात. बाटलीच्या टोपणात मीठ घ्या, दोन थेंब पाण्यानं ओलसर करा, पाक नको नुसतं ओलं, आणि ते टोपण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत घालून पिशवी घट्ट बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आत ७५ टक्के दिसायला पाहिजे, ओल्या मिठावरची बंद हवा ७५ लाच थांबते. मीटर ८२ दाखवत असेल तर ७ नं जास्त दाखवतंय हे ध्यानात ठेवायचं.

शिरोळ_मळा
सगळे मशीनवरच बोलायला लागलाय, अंड्याचं कोण बघणार? निम्मा खेळ तिथंच असतोय. मामाकडं कोंबडा आहे का आधी विचारा. ८-१० कोंबड्यांमागं एक चांगला दमदार कोंबडा फिरत असेल तर अंडी फळलेली मिळतात. दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांतनं काय होत नाही, लेअर फार्मवर, म्हणजे खायच्या अंड्यांच्या फार्मवर, कोंबडा ठेवतच नाहीत. बाजारात गावरान म्हणून तपकिरी अंडी विकतात त्यातली पण बरीच फार्मचीच असतात, आणि खरी गावरान असली तरी कधीची आहेत कळत नाही.

अंडी सात दिवसांच्या आतली घ्या, त्यापुढं रोज पिल्लं निघायचं प्रमाण घसरत जातं. मध्यम आकाराची, लई मोठं नको लई बारकं नको, टरफल गुळगुळीत आणि बिनतड्याचं. धुवायची नाहीत. अंड्यावर निसर्गतः एक लेप असतो, तो धुतला की टरफलाच्या बारीक छिद्रांतनं घाण आत शिरते. माती लागली असेल तर कोरड्या फडक्यानं हलकं पुसा, फारच बरबटलेलं असलं तर ते खायला ठेवा. साठवताना निमुळतं टोक खाली, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात. फ्रीज नको, तिथं गारठा जास्त पडतो.

मंगळवारपेठकर
कोंबडा आहे, चांगला तुरेवाला आहे. अंडी एसटीनं येणार आहेत, रस्ता तुम्हाला माहितीच आहे.

शिरोळ_मळा
मग भाताच्या तुसात पुरून आणायला सांगा, एकेक अंडं सुटं राहील असं. आणि घरी आली की लगेच डब्यात घालू नका. २४ तास निमुळतं टोक खाली करून तशीच ठेवा. धक्क्यांनी आतलं हललेलं असतं, जरा बसू दे.

भुदरगडची_काकू
पोरांनो तुमचं वाचून बरं वाटलं. आम्ही कधी आकडे बघितले नाहीत, डालग्यात भाताचं तूस घालायचं, वर जुनं लुगडं, आणि खुडूक कोंबडी अंधाऱ्या कोपऱ्यात बसवायची १०-१२ अंड्यांवर. त्यापेक्षा जास्त दिली तर कडेची तिच्या पोटाखाली येत नाहीत, गार पडतात. कोंबडी दिवसातनं एकदा उठते, दाणापाणी करते, धुळीत लोळते, परत बसते. मोठ्या माणसासारखा तिचा नेम असतो. अंडी चोचीनं स्वतःच उलटीपालटी करते, ते तुम्हाला हातानं करायला लागणार. माझी सासू अंड्यांत लोखंडाचा तुकडा ठेवायची, वीज कडाडली की अंडी फुकट जातात म्हणून. ते खरं का खोटं डॉक्टर लोकांनी सांगावं.

मंगळवारपेठकर बाळा, जमलं तर पुढच्या वेळी खुडूक कोंबडी शोध. मशीन पिल्लं काढेल, पण काढल्यावर पंखाखाली घेणारी आई मशीनमध्ये नसते, ते सगळं तुलाच करायचंय. घाबरवत नाही, आधी माहीत असावं म्हणून सांगितलं.

पशुवैद्य_आजरा
काकूंचा मुद्दा अगदी रास्त आहे. विजेच्या कडकडाटानं अंडी मरतात याला काही आधार नाही, लोखंडानं नुकसानही नाही. वळिवाच्या दिवसांत अंडी जास्त खराब व्हायची ती बहुधा उन्हाळ्यात साठवलेली असायची म्हणून, घरात ३५ च्या वर तापमान असलं की साठवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो.

आता ओलाव्याचं. यावर जरा वेळ घेऊन लिहितो कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त पिल्लं यातच जातात.

२१ दिवसांत अंड्यातलं पाणी थोडंथोडं टरफलातून उडून जायला पाहिजे. तेवढीच रुंद टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते. बाहेर यायच्या आदल्या दिवशी पिल्लू त्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेतं. पाणी कमी उडालं तर पोकळी लहान राहते, पिल्लू फुगीर होतं, त्याला वळायला जागा मिळत नाही आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू आतल्या आत गुदमरतं. जास्त उडालं तर आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो. ५० ते ५५ टक्के हा आकडा पुस्तकात असतो तो यासाठी, पहिल्या १८ दिवसांत अंड्याचं वजन १२ टक्क्यांच्या आसपास कमी व्हावं म्हणून.

आता आपली हवा बघा. जुलैमध्ये कोल्हापुरात बाहेर २४ डिग्री आणि ८८-९० टक्के ओलावा. लोकांना वाटतं एवढी दमट हवा, डब्यात पण तेवढाच ओलावा असणार. तसं नाही. तीच हवा डब्यात जाऊन ३७.५ ला तापली की तिचा ओलावा ४० टक्क्यांच्या जवळ उतरतो, कारण गरम हवेची पाणी धरायची ताकद जास्त. त्यात अंड्यांतनं उडालेली वाफ मिसळली की पाण्याची वाटी न ठेवता ४५ पर्यंत जातं. म्हणजे आपल्या पावसाळ्यात पहिले १८ दिवस पाणी जवळजवळ लागतच नाही. आणि एप्रिलमध्ये दुपारी बाहेर ३५ डिग्री आणि २५ टक्के असेल तेव्हा हाच डबा २०-२२ वर जाऊन बसतो, तेव्हा दोन वाट्या ठेवूनही पुरत नाही. त्यामुळं ज्यानं उन्हाळ्यात पिल्लं काढली तो पाणी भरा म्हणतो, ज्यानं पावसाळ्यात काढली तो कोरडं ठेवा म्हणतो, आणि दोघांनाही स्वतःचा अनुभव पक्का वाटतो. म्हणून मी मीटरवर भिस्त ठेवत नाही, अंड्याला विचारतो. टॉर्च लावून पोकळी बघायची. लहान दिसली तर पाणी काढा, मोठी दिसली तर वाढवा.

हुपरीचा_काटा
डॉक्टर एकदम मनातलं बोललात. पोकळी नजरेनं नवीन माणसाला अंदाज येत नाही, त्याला वजन सोपं. आमच्याकडं चांदीचं काम असल्यामुळं काटा घरात असतोच, पण पॉइंटमध्ये वजन दाखवणारा छोटा काटा आता कुठंही मिळतो. गावरान अंडं समजा ४५ ग्रॅमचं, १२ टक्के म्हणजे १८ दिवसांत ५.४ ग्रॅम, रोजचे साधारण ०.३ ग्रॅम. सगळी अंडी एकत्र ट्रेसकट तोला, ट्रेचं वजन वजा करा, अंड्यांच्या संख्येनं भागा, घालायच्या दिवशी आणि मग दर सहा-सात दिवसांनी. सातव्या दिवशी साधारण २ ग्रॅम कमी झालं असेल तर रेषेवर आहात. दीडच झालं तर वाटी काढून टाका. अडीच-तीन झालं तर पाणी ठेवा. वहीत लिहून ठेवा नाहीतर विसरायला होतं.

रंकाळ्याची_हवा
लांबट अंड्यातनं कोंबडा आणि गोल अंड्यातनं कोंबडी निघते असं म्हणतात, निवडून गोलच घालावीत का? मला फक्त अंड्यांसाठी कोंबड्या पाहिजेत, कॉलनीत कोंबडा आरवला की तक्रार येते.

पशुवैद्य_आजरा
नाही. नर की मादी हे कोंबडीच्या बीजातच ठरलेलं असतं, अंडं घालायच्या आधी. आकारावरून किंवा डब्यातलं तापमान कमीजास्त करून बदलत नाही. निम्मे कोंबडे निघणार असं धरूनच चला, गावरानात पाच-सहा आठवड्यांशिवाय नक्की कळत नाही. तुम्हाला कोंबड्याच हव्या असतील तर अंड्यावर आलेल्या तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, विकत घेणं सरळ आहे. तयार पिल्लं हवी असतील तर कोल्हापुरात पशुसंवर्धन खात्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथं चौकशी करा.

मंगळवारपेठकर
अंडी आली, विश्रांती झाली, मिठाची टेस्ट केली, तापाच्या थर्मामीटरशी जुळवलं. आज सकाळी डब्यात घातली. एका बाजूला पेन्सिलनं फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढलाय. दिवसातनं किती वेळा फिरवायची?

शिरोळ_मळा
कमीत कमी तीनदा, पाचदा जमलं तर उत्तम. विषम आकडा ठेवायचा, म्हणजे रात्रीचा लांब पल्ला रोज एकाच कुशीवर पडत नाही. आज रात्री फुली वर तर उद्या रात्री गोल वर. पहिल्या आठवड्यात तर अजिबात चुकवू नका, बलक वर तरंगत येतो आणि त्याच्यावर बसलेला गर्भ टरफलाच्या पापुद्र्याला चिकटला की संपलं. आणि एकाच दिशेनं गोल गोल फिरवत जाऊ नका, एकदा इकडं एकदा तिकडं. हात साबणानं धुऊन.

आंब्याचा_घाट
मार्करनं लिहिलं तर चालतं का, पेन्सिल पुसट होते.

शिरोळ_मळा
नको, शाई टरफलातनं आत मुरते. पेन्सिल परत गिरवा.

मंगळवारपेठकर
अर्जंट. लाईट गेलीय, ट्रान्सफॉर्मरचं काहीतरी झालंय म्हणत्यात, किती वेळ लागेल कुणाला माहीत नाही. डबा ३६ वर आलाय आणि उतरायला लागलाय. काय करू?

उद्यमनगरी
झाकण उघडू नको!! वरनं जाड चादर किंवा घोंगडं टाक, वरची भोकं पूर्ण बुजवू नको. थर्माकोल ऊब चांगली धरून ठेवतो.

पशुवैद्य_आजरा
घाबरू नका. गर्भाला गारठा बऱ्यापैकी सोसतो, उष्णता सोसत नाही. तीन-चार तास ३५ पर्यंत उतरलं तर वाढ फक्त मंदावते. याच्या उलट ४०.५ च्या वर थोडा वेळ जरी गेला तरी मरतात. दोन तासांपेक्षा जास्त लागतील असं वाटलं तर बाटल्यांत कढत नको, हाताला सोसेल असं गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून डब्याच्या कडेला ठेवा, अंड्यांना टेकवू नका. झाकण एकदाच उघडायचं, पटकन ठेवायचं आणि बंद. लाईट आल्यावर भरून काढायला म्हणून सेटिंग वाढवू नका, ३७.५ च राहू दे.

भुदरगडची_काकू
कोंबडी पण उठतेच की दाणे खायला. बसून राहा शांत.

मंगळवारपेठकर
आली लाईट. बाटल्या ठेवल्या होत्या, ३५ च्या खाली गेलं नाही. सगळ्यांचे मनापासून आभार, एवढ्या रात्री जागे राहून उत्तरं दिलीत.

उद्यमनगरी
आता एक काम कर, डब्याला इन्व्हर्टरची लाईन घे. ४० चे दोन बल्ब आणि छोटा फॅन, लोड काहीच नाही आणि बल्ब सतत चालू पण नसतात. इन्व्हर्टर नसेल तर फॅन तरी बारा व्होल्टच्या बॅटरीवर घे.

मंगळवारपेठकर
सातवा दिवस झाला. अंधार करून मोबाईलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याचं भोक धरून बघितलं. बहुतेक अंड्यांत लाल बारीक रेषा जाळ्यासारख्या पसरल्यात आणि मध्ये एक काळा ठिपका, तो हलतोय!! आईला दाखवलं, ती परत परत बघत होती. दोन अंडी एकदम स्वच्छ, नुसता पिवळा उजेड. एका अंड्यात रेषा नाहीत पण लाल गोल कडं दिसतंय बांगडीसारखं.

पशुवैद्य_आजरा
हलणारा ठिपका म्हणजे जिवंत गर्भ, उत्तम. स्वच्छ दोन अंडी फळलेली नव्हती, काढून टाका. लाल कडं म्हणजे गर्भ सुरुवातीला वाढून मेला, रक्त कडेला सरकून तसं कडं दिसतं. ते पण काढा, आत ठेवलं तर सडून वायू होतो आणि फुटलं तर सगळ्या डब्यात जंतू पसरतात. शंका वाटेल त्या अंड्यावर प्रश्नचिन्ह करून चौदाव्या दिवशी परत बघा.

हुपरीचा_काटा
वजन किती?

मंगळवारपेठकर
सरासरी दीड ग्रॅमच्या थोडं वर कमी झालंय. पाणी ठेवलंच नव्हतं डॉक्टरांचं वाचून, तरी कमी उतरलं. पाऊस धो धो चाललाय इकडं, पंचगंगा पात्राबाहेर आलीय.

हुपरीचा_काटा
मग वरची भोकं एक-दोन वाढवा, ओली हवा बाहेर पडू दे. आणि डबा कुठल्या खोलीत आहे? मोरीजवळ किंवा ओल्या भिंतीला असला तर आतल्या कोरड्या खोलीत हलवा, हळू उचलून.

मंगळवारपेठकर
अपडेट. खोली बदलली, भोकं वाढवली. चौदाव्या दिवशी तोललं तेव्हा बरोबर रेषेवर आलं होतं. प्रश्नचिन्हवालं अंडं पण मस्त भरलंय. आता अठरावा दिवस, पोकळी सोडून बाकी सगळं अंधारं दिसतंय. पुढं?

शिरोळ_मळा
आता फिरवायचं बंद. अंडी आडवी ठेवा, खाली गोणपाटाचा तुकडा किंवा खरखरीत टॉवेल घाला. वर्तमानपत्र घालू नका, त्याच्यावर पाय घसरून पिल्लांचे पाय फाकतात आणि मग चालता येत नाही.

पशुवैद्य_आजरा
आणि आता पाणी हवं. शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के. पसरट भांड्यात कोमट पाणी आणि त्यात स्पंज, पिल्लू पडून बुडणार नाही असं. आधी कोरडं आणि आता ओलं असं का, तर आता टरफल फोडताना पापुद्रा वाळला तर पिल्लू आत अडकतं. यानंतर झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की सगळी दमट हवा निघून जाते आणि ती परत व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात टरफल फोडलेल्या पिल्लाचा पापुद्रा सुकतो. बघायचं असेल तर डब्याच्या झाकणाला काच बसवा, आत्ता नाही, पुढच्या वेळी.

मंगळवारपेठकर
काच आहे, पहिल्या दिवशीच बसवली होती.

मंगळवारपेठकर
आतनं चिवचिव ऐकू येतेय!!! अंडं अजून फुटलेलं नाही तरी आवाज येतोय!

भुदरगडची_काकू
आता ती एकमेकांशी बोलत्यात. कोंबडी पण याच वेळेला हळू आवाजात कुरकुर करून उत्तर देते. तू पण बोल त्यांच्याशी.

मंगळवारपेठकर
एका अंड्याला सकाळी चीर पडली, बारीक तुकडा वर उचललाय, चोच दिसतेय. आता संध्याकाळ झाली तरी तेवढंच आहे. मधनं मधनं चोच हलते आणि परत गप्प पडतंय. थकलंय का? जरा टरफल काढून मदत करू का?

पशुवैद्य_आजरा
करू नका. पहिली चीर पडल्यापासून बाहेर यायला २४ तास लागू शकतात आणि त्यातला बहुतेक वेळ पिल्लू पडूनच असतं. त्या वेळात दोन महत्त्वाची कामं चालू असतात. टरफलाला आतून चिकटलेल्या रक्तवाहिन्यांमधलं रक्त पिल्लाच्या अंगात ओढलं जातं, आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात जातो. ते व्हायच्या आत टरफल सोललंत तर रक्तस्राव होतो किंवा पिल्लू बलक बाहेर घेऊन जन्मतं. वाट बघणं अवघड जातं हे मला माहीत आहे, पण हात लावू नका.

शिरोळ_मळा
डॉक्टर सांगत्यात ते ऐका. चीर वाढत वाढत गोल फिरायला लागली की मग पुढचं काम तासाभरात आटपतं.

मंगळवारपेठकर
निघालं. रात्रीतनं गोल फिरत टोपण कापल्यागत कापलं आणि पायानं ढकलून बाहेर. ओलं, चिकट, मान पण धरवत नव्हती, आणि आता दोन तासांत वाळून उभं राहायला लागलंय. तांबूस अंग आणि पाठीवर दोन काळे पट्टे. मागनं आणखी तीन-चार अंड्यांना चिरा पडल्यात, हे त्यांच्यावरनंच चालत जातंय, चालतं का तसं?

शिरोळ_मळा
चालतंय, धडपडू दे. त्याच्या आवाजानं बाकीची पण नेट लावतात. वाळेपर्यंत आतच ठेवा. पोटात बलक असल्यामुळं दोन दिवस खायला प्यायला नसलं तरी पिल्लू तग धरतं, हॅचरीतली एक दिवसाची पिल्लं खोक्यातनं लांबलांब जातात ती त्याच जोरावर. सगळी निघेपर्यंत झाकण बंद.

रंकाळ्याची_हवा
अभिनंदन!! फोटो टाका.

मंगळवारपेठकर
टाकतो. आठ पिल्लं निघाली. दोन अंडी तशीच राहिली, २३ वा दिवस संपेपर्यंत वाट बघितली, मग टॉर्च लावला तर आत हालचाल नव्हती. वाईट वाटलं. फोडून बघितलं तर एक पूर्ण वाढलेलं होतं, चोच पोकळीच्या उलट्या बाजूला, निमुळत्या टोकाकडं होती.

पशुवैद्य_आजरा
ते उलटं बसलेलं होतं, काहींचं तसं होतं. त्यात तुमच्याकडून काही राहिलेलं नाही. न निघालेलं अंडं फोडून बघितलंत हे चांगलं केलंत, पुढच्या खेपेला त्यावरूनच अंदाज येतो.

आता ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायची जागा. पहिला आठवडा पिल्लांच्या उंचीला ३५ डिग्री, मग दर आठवड्याला तीन-तीन डिग्री कमी करत जायचं. पण इथं पण पिल्लांकडं बघा. बल्बखाली गठ्ठा करून ओरडत असतील तर गारठलीत, बल्ब खाली घ्या. कडेला जाऊन चोच उघडी टाकून बसली तर उकडतंय, वर घ्या. सगळीकडं पसरून चरत असतील तर बरोबर आहे. एका बाजूला बल्ब आणि एक बाजू मोकळी ठेवा, त्यांना पाहिजे तिथं जातील.

भुदरगडची_काकू
पहिलं पाणी गुळाचं दे, कोमट, अगदी पातळ. एकेकाची चोच हळूच बुडवून दाखव, एकाला कळलं की बाकीची शिकतात. पाण्याच्या ताटलीत खडे घाल, नाहीतर पिल्लू त्यात पडून भिजतं आणि गारठून मरतं. पहिल्या दिवशी तांदळाची बारीक कणी आणि मक्याचा भरडा कागदावर टाक, बोटानं टक टक वाजव, आई वाजवते तशी.

पशुवैद्य_आजरा
कणी पहिल्या दिवसापुरती ठीक. दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर खाद्य द्या, त्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. नुसत्या कणीवर वाढवलेली पिल्लं पंख टाकून बसतात. गुळाचं पाणी पण पहिल्या दिवसापुरतंच, नंतर साधं स्वच्छ पाणी. आणि शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळलेली दिसली तर कोमट पाण्याच्या बोळ्यानं भिजवून काढा, ओढू नका, जागा बंद झाली तर पिल्लू दगावतं.

आंब्याचा_घाट
घरच्या आठ-दहा पिल्लांना लस करायला लागते का? आमच्याकडं कुणीच करत नाही.

पशुवैद्य_आजरा
करायलाच पाहिजे. मानमोडी आली की गल्लीतलं एकही खुराडं सोडत नाही. सात दिवसांच्या आत लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लसीचा, एक थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस, अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमाराला लासोटा परत, आणि आठव्या आठवड्यात मानमोडीचं इंजेक्शन. आपल्या भागात देवीची पण लस घ्यावी लागते, ती कधी ते दवाखान्यात विचारा. निरोगी पिल्लांनाच लस द्यायची, मलूल पडलेल्याला नाही.

मंगळवारपेठकर
पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलं, लसीची बाटली १०० पिल्लांची असते म्हणाले. माझी आठ. बाकीची ठेवून पुढं वापरता येते का?

पशुवैद्य_आजरा
नाही. एकदा मिसळली की तासा-दोन तासांत संपवायची, तोपर्यंत बर्फावर, उन्हात अजिबात नाही. उरलेली वापरली तर लस केल्याचं समाधान फक्त, आत काही जिवंत राहिलेलं नसतं. म्हणून जवळपासचे लोक एकत्र येऊन एकच बाटली फोडा.

रंकाळ्याची_हवा
माझ्या चुलत भावाकडं कसबा बावड्यात २५ च्या आसपास पिल्लं आहेत, याच आठवड्यातली. त्याला विचारतो.

उद्यमनगरी
माझ्या शेजाऱ्यांची पण आहेत, कोंबडीनं काढलेली. बाटलीचे पैसे वाटून घेऊ.

रंकाळ्याची_हवा
भाऊ तयार आहे. पण पिल्लं एका जागी आणायची का? एवढी लहान, पावसात.

पशुवैद्य_आजरा
पिल्लं हलवू नका, एकाचा रोग दुसऱ्याला लागेल. बाटली फिरवा. थर्मासमध्ये बर्फ घालून आधी ज्याची पिल्लं सगळ्यात लहान आणि निरोगी त्याच्याकडं, मग पुढं. प्रत्येक घरी हात धुवायचे, चपला बाहेर काढायच्या, ड्रॉपर डोळ्याला टेकवायचा नाही. थेंब पडल्यावर पिल्लानं डोळा मिचकावला की मगच खाली सोडा.

मंगळवारपेठकर
ठरलं मग. रविवारी सकाळी सातला माझ्याकडनं सुरुवात, तिथनं उद्यमनगर आणि शेवटी बावडा. बर्फ आणि थर्मास मी आणतो, बाटली दवाखान्यातनं शनिवारी घेऊन फ्रीजमध्ये ठेवतो. अजून कुणाची सात दिवसांच्या आतली पिल्लं असतील तर शुक्रवारपर्यंत हितंच लिहा.